जुन्या मोटारहोमच्या मागच्या जोडचाकांसाठी कोणते टायर घ्यावेत?

गोदाकाठ
नमस्कार. टाटा ४०७ च्या चासीवर बांधलेले एक जुने मोटारहोम आमच्याकडे आहे. पुढे दोन चाके, मागे दोन्ही बाजूंना जोडचाके आणि एक स्टेपनी, असे एकूण सात टायर आहेत. गाडी वर्षातून थोडेच दिवस चालते. पावसाळाभर ती मखमलाबादला शेडखाली उभी असते. दिवाळीनंतर वणी, सापुतारा मार्गे कच्छला जाण्याचा बेत आहे आणि त्याआधी टायरचा निर्णय घ्यायचा आहे.

वरवर पाहता सगळ्या टायरांची नक्षी भरपूर शिल्लक आहे. परंतु टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी होऊन पाहिले, तेव्हा डावीकडच्या आतल्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर, रिमच्या कडेपासून बोटभर अंतरावर, गोल फिरत जाणाऱ्या बारीक भेगांची रांग दिसली. नखाने दाबल्यावर भेग उघडते आणि आतले रबर करड्या रंगाचे दिसते. बाहेरच्या टायरवर तसे काही नाही. टायरांवरचे शेवटचे चार आकडे असे आहेत : पुढच्या दोन्हींवर ०८२१, मागच्या बाहेरच्या दोन्हींवर ३४१९, मागच्या आतल्या दोन्हींवर १११३ आणि स्टेपनीवर ४५११. शिवाय पुढे ७.००-१६ मापाचे टायर आहेत आणि मागे ७.५०-१६ मापाचे. गाडीच्या पुस्तिकेत मात्र पुढे-मागे दोन्हीकडे ७.००-१६ असेच लिहिलेले आहे.

एका गॅरेजमध्ये सांगितले की नक्षी आहे तोवर चालवा. एका दुकानात सांगितले की फक्त आतले दोन बदला. दुसऱ्या दुकानात ट्यूबलेस करण्याचा आग्रह झाला. तुमच्यापैकी ज्यांना जोडचाकांचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

काटेकोर
ताई, दुकानात जाण्याआधी गाडीचा काटा करून आणा. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, भांडी, अंथरुणे आणि माणसे यांच्यासह, म्हणजे प्रवासाला निघताना जशी असेल तशी गाडी काट्यावर न्या. आडगावपासून अंबडपर्यंत नाशिकमध्ये वजनकाट्यांना तोटा नाही. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके आणि जमीन सपाट असेल तर मागची एकेक बाजू, अशी वेगवेगळी वजने मागा. मालवाहू ट्रकचा माल उतरतो तेव्हा त्याच्या टायरना विश्रांती मिळते. मोटारहोम मात्र उभे असतानाही भरलेलेच असते आणि त्यात एका बाजूला स्वयंपाकघर व पाण्याची टाकी असेल, तर ती बाजू कायम जड राहते. ही विषमता काट्यावाचून कळत नाही.

त्यानंतर टायरच्या भिंतीवरचा भारांक पाहा. ११८/११४ एल असे लिहिले असेल, तर पहिला आकडा एकट्या चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. ११८ म्हणजे १३२० किलो, ११४ म्हणजे ११८० किलो आणि एल म्हणजे ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा. एकच टायर जोडीत लावला की त्याची क्षमता कमी धरतात, कारण दोन टायरमध्ये भार कधीच अगदी निम्मा-निम्मा वाटला जात नाही आणि आतल्या टायरला वारा लागत नसल्याने तो अधिक तापतो. प्लाय रेटिंगचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. तो आता बळकटीचा दर्जा सांगतो, आत खरोखर तितके थर नसतात.

सातपूरकर
माझी नोकरी टायर बनवण्याच्या धंद्यातच झाली, म्हणून वयाच्या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

ते चार आकडे म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष. १११३ म्हणजे २०१३ चा अकरावा आठवडा, अर्थात मार्च महिना. ४५११ म्हणजे नोव्हेंबर २०११. रबराला ओझोन आणि ऊन यांपासून वाचवण्यासाठी मिश्रणात मेण आणि प्रतिरोधक रसायने घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येते आणि एक पातळ थर धरून ठेवते. रोज धावणाऱ्या ट्रकच्या टायरला हे संरक्षण मिळत राहते, तर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला ते फारसे मिळत नाही. म्हणूनच मोटारहोमचे टायर झिजून क्वचितच संपतात. ते वयाने संपतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, बदल, हा टायर उत्पादकांनी सांगितलेला सर्वसाधारण दंडक आहे. स्टेपनीही त्याला अपवाद नाही.

आतल्या टायरवर आपण वर्णन केलेल्या भेगा ज्या जागी आहेत, ती जागा टायरच्या भिंतीत सर्वाधिक वाकणाऱ्या भागाजवळची आहे. भेग उघडून आत करडे रबर दिसते, याचा अर्थ ती केवळ वरच्या थराची सुरकुती राहिलेली नाही. हे दोन टायर आणि स्टेपनी आता रस्त्यावर आणू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. सापुताऱ्याच्या उतारावर ब्रेक ड्रमची उष्णता रिमवाटे ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) आणि टायरच्या कडेपर्यंत पोहोचते आणि सर्वाधिक तापणारा टायर आतलाच असतो.

घाटमाथा
माझ्या दोन गाड्या पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून धावतात, त्यामुळे मी व्यवहाराच्या बाजूने लिहितो. ४०७ ला नायलॉन टायर, म्हणजे तिरप्या नायलॉन थरांचे जुन्या बांधणीचे टायर, वर्षानुवर्षे चालत आले आहेत. भिंत जाड असते, खडीवर कापला जात नाही, किंमत कमी पडते आणि चांगली केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) असेल तर रिट्रेडही होतो, म्हणजे त्यावर नवी नक्षी चढवता येते. मागे लग नक्षी (जाड आडवे ठोकळे) आणि पुढे रिब (गोल फिरणारे सरळ पट्टे), ही जोडी आमच्याकडे ठरलेली आहे. वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या गाडीला सहा नवे रेडियल (पोलादी पट्ट्याच्या नव्या बांधणीचे टायर) घेण्याची गरज आहे का, याचा विचार करावा. आतले दोन बदलून नायलॉन टाकले तर खर्च एक तृतीयांशावर येईल.

सातपूरकर
दादा, तुमच्या गाड्यांसाठी तुमचे गणित बरोबर आहे आणि त्यात मी काही बदल सुचवणार नाही. तुमचा टायर वर्षा-दीड वर्षात झिजतो, त्यामुळे वयाचा प्रश्न तुमच्यापुढे येतच नाही. ताईंच्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. म्हणूनच तिथे रिट्रेडचा उपयोग नाही; नवी नक्षी चढवली तरी आतली केसिंग जुनीच राहते.

आतले दोन नायलॉन आणि बाहेरचे दोन रेडियल, अशी जोडी मात्र कोणीही करू नये. रेडियलची भिंत जास्त दबते आणि नायलॉनची कमी, त्यामुळे एकाच जोडीतला नायलॉन टायर भाराचा मोठा वाटा उचलतो. एका धुरावर एकाच बांधणीचे टायर हवेत आणि सहाही चाकांवर एकच बांधणी असेल तर उत्तम. दोन्हींत निवड करायची तर या कामासाठी मी रेडियल घेईन, कारण सलग वेगात तो कमी तापतो आणि ताईंचा प्रवास तशाच रस्त्यांचा असणार. सिन्नरजवळ गोंदे इथून समृद्धी महामार्गावर चढून बघा. काँक्रीटच्या त्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने चालताना जुन्या टायरची जशी परीक्षा होते, तशी घाटातही होत नाही.

नक्षीच्या बाबतीत सहाही चाकांना रिब पुरेशी आहे. लग नक्षीचे जाड ठोकळे चिखलात उपयोगी पडतात, पण डांबरी रस्त्यावर ते आवाज करतात आणि तापतातही जास्त.

गोदाकाठ
काटेकोर यांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही टाक्या भरून गाडीचा काटा केला. पुढची चाके २०४० किलो, मागची ३२६० किलो. मागच्या बाजूंचे वेगवेगळे वजन घेतले, तेव्हा डावी बाजू १८१० आणि उजवी १४५० किलो भरली. पाण्याची टाकी आणि ओटा दोन्ही डावीकडेच आहेत.

त्याशिवाय जॅक लावून मागच्या डाव्या जोडीचा घेर शिवणकामाच्या फितीने मोजला. आतला टायर बाहेरच्यापेक्षा २८ मिलिमीटरने कमी भरला. हा फरक किती गंभीर समजावा?

काटेकोर
घेरात २८ मिलिमीटर म्हणजे व्यासात सुमारे ९ मिलिमीटर. या मापाच्या टायरसाठी जोडीतल्या व्यासांमध्ये ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा अधिक फरक नसावा, असा संकेत आहे. घेरात मोजायचे तर १९ मिलिमीटर. दोन्ही चाके एकाच धुराला घट्ट आवळलेली असल्याने ती एकाच गतीने फिरतात. लहान घेराचा टायर प्रत्येक फेरीला रस्त्यावर थोडा घासत जातो आणि मोठा टायर स्वतःच्या वाट्याहून अधिक भार घेतो. आपल्या गाडीत बाहेरचा तुलनेने चांगला टायर त्यामुळेच जास्त दमत आला असणार.

आता वजनांकडे पाहू. डाव्या जोडीवर १८१० किलो, म्हणजे समान वाटणी धरली तर प्रत्येकी ९०५ किलो. ११८/११४ भारांकाच्या टायरची जोडीतली क्षमता ११८० किलो असल्याने इथे भरपूर वाव आहे. पुढे प्रत्येकी सुमारे १०२० किलो येतात आणि एकट्या चाकाची क्षमता १३२० किलो, तिथेही अडचण नाही. थोडक्यात, आपल्या गाडीला मोठ्या मापाची गरज नाही, पुस्तिकेतले ७.००-१६ पुरे आहे.

आणखी एक गोष्ट या आकड्यांतूनच दिसते. चालताना डाव्या जोडीतला एक टायर बसला, तर उरलेल्या एकावर १८१० किलो येतील आणि त्याची एकट्याची क्षमता १३२० आहे. म्हणून जोडीतला एक टायर गेल्यावर ‘दुसरा आहे ना’ म्हणून पुढच्या गावापर्यंत गाडी रेटू नये. रेटली गेलीच, तर दुसराही रिमवरून उतरवून आतून तपासावा.

सह्यवाट
मापाबद्दल काटेकोर यांच्याशी सहमत आहे आणि त्यात एक भर घालतो. ७.०० च्या टायरची रुंदी सुमारे २०० मिलिमीटर, तर ७.५० ची सुमारे २१५. ७.०० साठी साडेपाच इंची रिम असते आणि ७.५० साठी सहा इंची. आधीच्या मालकाने रिम तीच ठेवून टायर मोठे केले असतील, तर दोन टायरांमधली फट तेवढीच कमी झाली असणार. काट्यावर गाडी पूर्ण भरलेली असताना, जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे मागून वाकून पाहावे. भिंती फुगून एकमेकींना टेकत असतील तर त्या घासून तापतात, आणि फट अरुंद असली की खडीचा दगड तिथे अडकून बसतो. रिमच्या कडेवर माप कोरलेले असते. तार ब्रशने गंज घासला की वाचता येते.

गोदाकाठ
ब्रशने घासून पाहिले. सातही रिम ५.५० एफ मापाच्या आहेत. भरलेल्या गाडीत तळाशी दोन टायरांमध्ये करंगळी कशीबशी जाते आणि आतल्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर घासल्याचा गुळगुळीत, चकचकीत पट्टा उमटलेला आहे. आता दुकानदारांनी सुचवलेल्या ट्यूबलेसविषयी कोणी लिहील का?

सह्यवाट
तो चकचकीत पट्टा म्हणजे टायर एकमेकांना लागत असल्याचा पुरावा आहे. मागे ७.५० पुन्हा घेऊ नयेत.

ट्यूबलेसचे असे आहे की आपल्या रिमची कडा लॉक रिंगची, म्हणजे सुटी आहे, त्यामुळे ती हवा धरू शकत नाही. ट्यूबलेस हवे असतील तर साडेसतरा इंची एकसंध रिम लागतात आणि टायर २१५/७५ आर १७.५ मापाचा येतो. त्याचा व्यास सुमारे ७६७ मिलिमीटर, तर ७.०० आर १६ चा सुमारे ७७५. म्हणजे वेगदर्शकात किंवा गिअरच्या ताकदीत जाणवेल असा फरक पडत नाही. सध्याच्या ७.५० शी तुलना केली तर मात्र गाडी साधारण पाच टक्के ‘बुटकी’ होते. लाभ खरे आहेत : पंक्चर झाल्यावर हवा एकदम जात नाही, ट्यूब-फ्लॅपचे घर्षण नाही आणि लॉक रिंग उडण्याचा धोका नाही. परंतु सात नव्या रिम घ्याव्या लागतात, त्यांची नटांची भोके आणि मधले मोठे भोक आपल्या हबशी तंतोतंत जुळावे लागते आणि जोडीतले अंतर रिमच्या ऑफसेटवर, म्हणजे रिमच्या मध्यापासून तिची डिस्क किती सरकलेली आहे त्यावर, ठरते. कच्छच्या आतल्या भागात टायर फाटलाच तर १६ इंची टायर तालुक्याच्या गावीही मिळतो, तसे या मापाचे सांगता येत नाही. गाडी पुढची दहा-बारा वर्षे ठेवणार असाल तरच हा खर्च करावा, असे मला वाटते.

घाटमाथा
सातपूरकरांचे म्हणणे पटले, त्या गाडीला रिट्रेड नको. खरेदीबद्दल एवढेच सांगतो की टायर बसवून घेण्याआधी प्रत्येकाची तारीख स्वतः वाचा. खपत नसलेले माप दुकानात पडून राहते आणि दोन वर्षांपूर्वीचा टायर ‘नवा’ म्हणून पुढे केला जातो. जोडीतले टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो जवळच्या आठवड्यांतले घ्या. आयएसआयचे चिन्ह बघा. व्यापारी वाहनांच्या टायरना आयएस १५६३६ हे मानक लागू आहे. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, तेव्हा कोणी जुने दरपत्रक दाखवत असेल तर विचारून घ्या. प्रत्येक नव्या टायरबरोबर ट्यूब आणि फ्लॅपही नवेच टाका, आणि ट्यूब रेडियलसाठीची आहे याची खात्री करा.

सातपूरकर
कंपनीविषयी कोणी विचारण्याआधीच सांगतो : सिएटचा कारखाना आपल्या नाशिकमध्ये आहे म्हणून ओढा साहजिक आहे, आणि एमआरएफ, अपोलो, जेके हेही या मापात काम करणारे जुने उत्पादक आहेत. यांतल्या कोणत्याही नामवंत कंपनीचा ताजा, योग्य भारांकाचा टायर घेतला तरी चालेल. नावाच्या चर्चेत जितका वेळ जातो, तितका हवेचा दाब मोजण्यात गेला तर गाडीचे अधिक भले होईल.

दाब थंड टायरवर, सकाळी निघण्यापूर्वी मोजावा. रस्त्यात तापून वाढलेली हवा कधीही काढू नये. जोडीतल्या दोघांचा दाब सारखा हवा. एकात हवा कमी असली की त्याचा व्यास कमी होतो आणि आपण नुकतीच चर्चा केलेली सगळी गुंतागुंत नव्या टायरांतही सुरू होते. टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची पद्धत रस्त्यावर सर्रास आहे. तिने पूर्ण बसलेला टायर कळतो, पण १५-२० पौंडांनी कमी असलेला कळत नाही. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या खिडकीतून सहज हाताशी येईल असा बसवून घ्या आणि तिथे धातूचे एक्स्टेन्शन लावत असाल तर ते आधाराने घट्ट बांधा. हात पोहोचत नाही म्हणून आतले चाक मोजायचे राहून जाते, आणि आतला टायर फुटण्याचे सर्वांत साधे कारण हेच असते. ठरलेल्या दाबाच्या वीस टक्क्यांहून अधिक कमी हवेवर धावलेला टायर खोलून आतून पाहिल्याशिवाय पुन्हा भरू नये, कारण भिंतीतल्या तारा थकून तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच तो फाटतो.

काटेकोर
टायर बसवताना जो कारागीर काम करील, त्याच्याकडे एका गोष्टीचा आग्रह धरा. चाकाचे नट ढिले करण्याआधी जोडीतल्या दोन्ही टायरांची हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडलेली असली पाहिजे, आणि नवा टायर भरताना लॉक रिंग पिंजऱ्यात किंवा निदान साखळीने जखडलेली असली पाहिजे. गंजलेली किंवा वाकलेली रिंग हवा भरताना सुटली तर ती समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. सातही रिंगा आणि त्यांच्या खाचा नीट पाहून, खराब असेल ती बदलून घ्या. दुकानदार घाई करू लागला तर दुसरे दुकान शोधा. त्या कामाजवळ मुलांना आणि बघ्यांना थांबू देऊ नका.

गोदाकाठ
आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चर्चेनंतर असे ठरवले आहे : मागचे चार आणि स्टेपनी मिळून पाच टायर, सर्व ७.०० आर १६, एकाच कंपनीचे, रिब नक्षीचे आणि ११८/११४ भारांकाचे घेणार. ट्यूब आणि फ्लॅप नवे. पुढचे दोन्ही टायर रेडियलच आहेत आणि २०२१ चे आहेत, म्हणून ते उतरवून आतून तपासून घेणार आणि निष्कलंक निघाले तर या सहलीपुरते ठेवणार. स्वयंपाकघर हलवता येणार नाही, पण बॅटरी आणि अवजारांची पेटी उजवीकडे नेता येईल, म्हणजे डावा भार थोडा हलका होईल.

दोन शंका उरल्या आहेत. पुढचे टायर जुने आणि मागचे नवे, हे योग्य आहे का? आणि गाडी उभी ठेवताना काय काळजी घ्यावी?

सातपूरकर
पुढच्या चाकाच्या टायरवर सुकाणू अवलंबून असते, म्हणून सर्वांत भरवशाचे टायर पुढे असावेत असे मी म्हणेन. पाच नव्यांपैकी दोन पुढे लावून २०२१ चे दोन मागच्या एकाच जोडीत, समजा उजवीकडे, लावता येतील. तिकडे भारही कमी आहे. मात्र ते दोघे घेराने एकमेकांशी जुळतात का, ते फितीने आधी मोजा, आणि डाव्या-उजव्या जोडीत नक्षीच्या खोलीचा फरक फार असू नये, नाहीतर डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीला, उगाच कायमचे काम लागते. फरक मोठा निघाला तर सातही टायर नवे घेणे हेच योग्य.

उभी ठेवताना हवा पूर्ण ठेवा, उन्हाच्या बाजूच्या चाकांना कापडी झाकण घाला आणि ओल्या मातीऐवजी फळीवर गाडी उभी करा. मुक्कामाच्या जागी गाडी समतल करायला मागच्या चाकाखाली फळ्या सरकवता, तेव्हा फळी जोडीतल्या दोन्ही टायरांखाली पूर्ण रुंदीने असली पाहिजे. अनेकजण फक्त बाहेरच्या टायरखाली लाकूड सरकवतात, आणि मग रात्रभर त्या बाजूचा सगळा भार एकटा टायर पेलत राहतो.

घाटमाथा
टायर बसवून झाल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा आवळून घ्या. जोडचाकांच्या दोन डिस्क एकमेकींवर बसताना थोड्या सरकतात आणि नट सैल होतात. वणीपर्यंत जाऊन परत आलात की तेवढे अंतर होते. तिथेच सापुताऱ्याच्या आधी एकदा हातही लावून बघता येईल : एखादा टायर शेजारच्यापेक्षा जास्त तापलेला लागला, तर तिथून पुढे जाण्याआधी कारण शोधा.

गोदाकाठ
पुढच्या दोन्ही टायरांचा घेर मोजला. फरक ४ मिलिमीटर आहे. नक्षी मात्र नव्या टायरच्या निम्म्याहून थोडीच अधिक उरली आहे, त्यामुळे सातही टायर नवे घेत आहोत. मागणी नोंदवताना पावतीवर माप, भारांक आणि ‘सहा महिन्यांच्या आतील निर्मिती’ अशी अट लिहून घेतली आहे.